भारतातील मनोरुग्णालये : कोठडीपासून हक्कांपर्यंत

मनोरुग्णांसाठी वेगळ्या इमारती बांधायच्या आणि त्यांना तिथे ठेवायचे, ही पद्धत भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात आली. मानसिक आजार त्याआधीही लोकांना माहीत होते. चरकसंहितेत उन्माद आणि अपस्मार यांचे निदान व चिकित्सा यांवर अध्याय आहेत. युनानी हकीमही या रोगांवर औषधे देत. आजारी माणूस राहत असे तो मात्र घरात, गावात, नाहीतर एखाद्या देवस्थानाच्या किंवा दर्ग्याच्या आसऱ्याला. गाणगापूर, नरसोबाची वाडी अशा दत्तस्थानी बाधा उतरावी म्हणून माणसांना आणून ठेवण्याची चाल महाराष्ट्राला परिचित आहे. ती जुनी व्यवस्था दयाळू होतीच असे नाही. साखळ्या, मारहाण, उपासमार यांपासून तीही मुक्त नव्हती. पण सरकारने लेखी हुकमाने एखाद्याला वेडा ठरवावे आणि त्या हुकमाच्या बळावर त्याला भिंतीआड ठेवावे, हा प्रकार तिच्यात नव्हता.

भारतातील मानसिक आरोग्याच्या कायद्यांचा इतिहास हा बऱ्याच अंशी या हुकमाचा इतिहास आहे. हुकूम कोण काढतो, कशाच्या आधारे काढतो, त्याविरुद्ध दाद कुठे मागायची आणि ज्याच्याविषयी तो निघतो त्याला कोणी काही विचारते का, हे प्रश्न १८५८ पासून आजपर्यंत वेगवेगळ्या रूपांत पुढे येत राहिले. शेवटचा प्रश्न कायद्याने विचारायला सर्वांत जास्त वेळ लावला.

कंपनी सरकारची इस्पितळे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही इलाख्यांच्या राजधान्यांत वेड्यांसाठी छोटी इस्पितळे निघाली. मद्रासचे इस्पितळ १७९४ चे. त्यांचा पहिला हेतू कंपनीचे गोरे शिपाई आणि नोकर यांची सोय करणे हा होता. भ्रमिष्ट झालेला गोरा माणूस देशी लोकांच्या नजरेस पडू नये, अशी राज्यकर्त्यांची धडपड असे. त्यामुळे युरोपियन रुग्णांना काही काळ इथे ठेवून इंग्लंडला परत पाठवले जाई. त्यांच्यासाठी लंडनजवळ ईलिंग येथे १८७० ते १८९२ या काळात खास ‘रॉयल इंडिया असायलम’ चालवले गेले.

देशी लोकांसाठी मोठ्या प्रमाणावर इस्पितळे उभारली गेली ती १८५७ च्या उठावानंतर. कारभार कंपनीकडून राणीकडे गेला त्याच वर्षी, १८५८ मध्ये, वेडेपणाविषयी तीन कायदे झाले. दोन कायदे मिळकतीच्या व्यवस्थेविषयी होते. तिसरा, म्हणजे १८५८ चा ३६ वा कायदा, इस्पितळांविषयी. या तिसऱ्या कायद्याने पोलिसांवर एक कर्तव्य टाकले : हद्दीत भटकणारा आणि वेडा वाटणारा माणूस दिसला तर त्याला पकडून मॅजिस्ट्रेटसमोर उभे करावे. डॉक्टरचा दाखला मिळाला आणि मॅजिस्ट्रेटची खात्री पटली की त्याची रवानगी इस्पितळात होई. इस्पितळाची तपासणी करण्यासाठी पाहुणे-निरीक्षक नेमण्याची तरतूद होती, आणि त्यांत तुरुंगांच्या महानिरीक्षकाला पदसिद्ध स्थान होते. इंग्लंडमधील १८४५ च्या कायद्याची ही सुटसुटीत केलेली आवृत्ती होती. तिच्यात बंदिस्त करण्याची यंत्रणा पूर्ण उतरली होती. बाहेर पडण्याची वाट मात्र नातेवाइकांच्या मर्जीवर आणि निरीक्षकांच्या दयेवर सोडलेली होती.

आजच्या महाराष्ट्रातील चारही सरकारी मनोरुग्णालयांची मुळे याच राजवटीत आहेत. नागपूरचे इस्पितळ १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे. मुंबईत कुलाब्याला जुने इस्पितळ होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ठाण्यात नौपाड्याला नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने नवे इस्पितळ सुरू झाले. पुण्याजवळ येरवड्याला पुढे जे मनोरुग्णालय उभे राहिले ते २,५४० खाटांचे झाले. या इमारतींची उंच कुंपणे, लोखंडी गजांच्या खोल्या आणि एकाच मापाच्या लांबलचक बराकी पाहिल्या की बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर तुरुंगाचा नमुना होता हे कळते. मराठी बोलण्यात ‘ठाण्याला’ किंवा ‘येरवड्याला’ पाठवण्याची भाषा थट्टेची आणि धमकीची झाली, तीही याच काळाची देणगी आहे.

आत आलेल्यांना कामाला लावणे हाच उपचार मानला जाई. बागकाम, विणकाम, दळण यांतून इस्पितळाचा खर्चही काही प्रमाणात भागे. आजाराच्या नोंदी कशा होत, याचे चित्र १८९३-९४ च्या ‘इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन’च्या चौकशीत उघड झाले. गांजाने माणसे वेडी होतात अशी सरकारची समजूत इस्पितळांच्या आकड्यांवर आधारलेली होती. कमिशनने ते दाखले एकेक करून तपासले. आजाराचे कारण बहुधा माणसाला आणून सोडणाऱ्या पोलिसाच्या कागदावरून उतरवून घेतलेले आढळले. ज्या कागदावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरत होते, तो कागद कोणी पडताळत नव्हते.

१९१२ चा कायदा

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इस्पितळांचा कारभार तुरुंगखात्याच्या छायेतून काढून वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे देण्यास सुरुवात झाली. ‘इंडियन लुनसी अ‍ॅक्ट, १९१२’ने या बदलावर शिक्कामोर्तब केले. नातेवाइकाच्या अर्जावर माणसाला दाखल करायचे तर दोन वैद्यकीय दाखले सक्तीचे झाले. स्वतःहून दाखल होऊ इच्छिणाऱ्यासाठी प्रथमच एक दार उघडले गेले, पण त्यासाठीही दोन निरीक्षकांची संमती लागे. मुख्य मार्ग मॅजिस्ट्रेटच्या हुकमाचाच राहिला. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला ‘सुरक्षित ताब्यात’ ठेवण्याच्या नावाखाली तुरुंगात टाकण्याची सोयही या व्यवस्थेत शिल्लक राहिली, आणि तिचा वापर पुढे ऐंशी वर्षे होत राहिला.

१९२० च्या दशकाच्या आरंभी इस्पितळांचे अधिकृत नाव बदलून ‘मेंटल हॉस्पिटल’ झाले. या नामांतरामागे रांचीच्या युरोपियन इस्पितळाचे प्रमुख ओवेन बर्कली-हिल यांचा आग्रह होता. त्यांनी आपल्या संस्थेत कोंडून ठेवण्याचे प्रकार कमी केले आणि उद्योगोपचार सुरू केले. रांचीतील ही सुधारणा मूठभर युरोपियन रुग्णांच्या वाट्याला आली. देशी रुग्णांच्या इस्पितळांत गर्दी वाढत गेली.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर भोर समितीने देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी केली. तिचा अहवाल १९४६ चा. मनोरुग्णालयांची पाहणी रांचीचे कर्नल मूर टेलर यांनी केली. त्यांचा निष्कर्ष परखड होता : बहुतेक इस्पितळे कालबाह्य आहेत आणि त्यांची रचना बरे करण्यासाठी झालेली नसून डांबून ठेवण्यासाठी झालेली आहे. इंग्लंडमध्ये ३०० लोकांमागे एक खाट होती. भारतात ४०,००० लोकांमागे एक. समितीने प्रशिक्षित मनुष्यबळ घडवणाऱ्या संस्थेची शिफारस केली. तिच्यातून १९५४ मध्ये बंगळूरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली आणि १९७४ मध्ये तिचे ‘निम्हान्स’ झाले.

फाळणी आणि अमृतसरचे तंबू

फाळणीनंतर दोन्ही देशांनी मालमत्ता वाटल्या, कैदी अदलाबदलीने दिले-घेतले आणि मनोरुग्णही. १९५० मध्ये लाहोरच्या इस्पितळातील हिंदू व शीख रुग्ण अमृतसरला आणले गेले आणि भारतातील मुस्लिम रुग्ण तिकडे पाठवले गेले. कोणत्या देशात राहायचे हे या माणसांच्या धर्मावरून ठरले. त्यांची इच्छा विचारण्याची गरज कोणत्याच सरकारला वाटली नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांना इच्छा नव्हतीच.

त्याच अमृतसरच्या इस्पितळात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात एक वेगळा प्रयोग केला. गर्दीने भरलेल्या इस्पितळात नव्या रुग्णांना जागा नव्हती. विद्यासागरांनी आवारात तंबू उभारले आणि रुग्णांबरोबर त्यांच्या नातेवाइकांनाही तिथे राहायला सांगितले. आई, भाऊ, नवरा रुग्णाजवळ राहत, त्याला खाऊपिऊ घालत, डॉक्टरांचे बोलणे ऐकत आणि आजार ओसरताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहत. त्यामुळे रुग्ण लवकर घरी परतू लागले आणि त्यांना घरी नेण्याची भीतीही कमी झाली. माणूस वर्षानुवर्षे इस्पितळात पडून राहतो त्याला आजाराइतकेच नात्यांचे तुटणे कारण असते, हे या प्रयोगाने पाश्चात्त्य देशांतील चळवळींच्या आधी दाखवून दिले. इटलीत फ्रांको बासाल्या यांनी गोरित्सिया येथे काम सुरू केले ते १९६१ मध्ये, आणि मनोरुग्णालये बंद करण्याचा इटलीचा प्रसिद्ध १८० क्रमांकाचा कायदा १३ मे १९७८ चा.

औषधे, खेडी आणि १९८७ चा कायदा

१९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिन या औषधाचा मानसिक आजारावर उपयोग सिद्ध झाला. पुढच्या काही वर्षांत गोळ्यांवर बरे राहता येते ही गोष्ट भारतातही रुळली. मग आजारी माणसाने शेकडो मैलांवरच्या इस्पितळात जावे, यापेक्षा औषधाने गावात यावे, असा विचार पुढे आला. १९७० च्या दशकात चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि निम्हान्सने बंगळूरजवळ सकलवाडा येथे प्राथमिक आरोग्य केंद्रांतून मानसिक आजारांवर उपचार करून पाहिले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आखला गेला. बल्लारी जिल्ह्यात त्याचे प्रात्यक्षिक झाले आणि १९९६ पासून तो जिल्हावार राबवण्यास सुरुवात झाली. पैसा आणि मनोविकारतज्ज्ञ दोन्ही अपुरे असल्यामुळे त्याची वाढ संथ राहिली.

कायदा बदलायला आणखी वेळ लागला. मानसिक आरोग्य कायदा १९८७ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल १९९३ पासून लागू झाला. म्हणजे १९१२ चा कायदा एक्याऐंशी वर्षे टिकला, त्यांतली पंचेचाळीसहून अधिक स्वतंत्र भारतात. नव्या कायद्याने मतिमंदत्व मानसिक आजाराच्या व्याख्येतून वगळले, स्वेच्छेने दाखल होणे सोपे केले, खासगी रुग्णालयांना परवाना सक्तीचा केला आणि रुग्णाच्या मानवी हक्कांचे एक छोटे प्रकरण जोडले. तरीही नातेवाइकाच्या अर्जावर, दोन दाखल्यांनिशी, रुग्णाला त्याच्या मर्जीविरुद्ध ९० दिवसांपर्यंत ठेवता येत असे. रुग्णाचे भले कशात आहे हे ठरवणारे लोक बदलले. ठरवण्याच्या प्रक्रियेत रुग्णाला अजून जागा मिळाली नव्हती.

न्यायालयाच्या दारात

हक्कांची भाषा भारतीय मनोरुग्णालयांत शिरली ती न्यायालयांतून. आणीबाणीनंतर सर्वोच्च न्यायालयाने जीविताच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या २१ व्या अनुच्छेदाचा, अर्थ विस्तारला आणि साध्या पत्रालाही याचिका मानण्यास सुरुवात केली. १९८२ मध्ये वीणा सेठी यांच्या पत्रावरून बिहारमधील हजारीबाग तुरुंगात मनोरुग्ण म्हणून दशकानुदशके खितपत पडलेल्या कैद्यांची कहाणी न्यायालयापुढे आली. त्यांच्यातले काही बरे झाल्यानंतरही केवळ कोणी विचारपूस न केल्यामुळे आत राहिले होते. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात रांचीच्या मानसिक आरोग्यशाळेतील अन्न, पाणी आणि औषधांची दुर्दशा न्यायालयाने सुधारायला लावली.

पत्रकार आणि कार्यकर्त्या शीला बर्से यांनी मुंबईतील कोठड्यांमधील स्त्रियांच्या छळाविरुद्ध आधीच लढा दिला होता. त्यांच्या दुसऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये निकाल दिला की गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य आहे. पश्चिम बंगालच्या तुरुंगांत अशी शेकडो माणसे होती. १९१२ च्या कायद्यातील ‘सुरक्षित ताब्या’चा अर्थ काय होता, हे त्या प्रकरणातील पाहणीने देशापुढे मांडले.

मानसिक अपंगत्व असलेल्या स्त्रियांच्या शरीरावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न महाराष्ट्रात १९९४ मध्ये तीव्रपणे उभा राहिला. शिरूरच्या शासकीय वसतिगृहातील मतिमंद मुलींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया पुण्याच्या ससून रुग्णालयात सुरू झाल्या. मासिक पाळीत त्यांची स्वच्छता राखता येत नाही, हे त्यामागचे कारण सांगितले गेले. स्त्री-संघटना आणि आरोग्य चळवळीतील कार्यकर्ते यांनी जोरदार विरोध केला. काळजी घेणारे हात अपुरे आहेत म्हणून मुलीचे निरोगी इंद्रिय काढून टाकायचे, ही सोय व्यवस्थेची होती. किंमत मुलींनी मोजायची होती. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या स्त्रीचाही मूल होऊ देण्याचा निर्णय तिचा आहे आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही.

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर येथील मनोरुग्णालयांवर देखरेखीचे काम राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे सोपवले. आयोगाने निम्हान्सच्या साह्याने देशातील ३७ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी करून १९९९ मध्ये अहवाल काढला. तुरुंगासारखी रचना, एकांत कोठड्या, आडोसा नसलेले संडास, अपुरे पाणी, आणि बरे होऊनही घरचे नेत नाहीत म्हणून राहिलेले रुग्ण, असे चित्र देशभर दिसले. मूर टेलर यांच्या पाहणीला तेव्हा अर्धशतक उलटून गेले होते.

एरवाडी

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका खासगी मनोरुग्णगृहाला आग लागली. एरवाडीचा दर्गा मानसिक आजार बरे करण्यासाठी प्रसिद्ध होता आणि त्याच्या आजूबाजूला रुग्णांना ठेवून घेणारी अनेक घरे निघाली होती. त्या घरातील माणसांना साखळ्यांनी बांधून ठेवलेले होते. आग लागल्यावर त्यांना पळता आले नाही. एकूण २८ जणांचा बळी गेला.

सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन सर्व राज्यांना अशा ठिकाणांची पाहणी करायला आणि सरकारी उपचाराची सोय उभारायला सांगितले. एरवाडीने दोन गोष्टी एकदम दाखवल्या. साखळी श्रद्धास्थानापाशी होती, पण रुग्ण तिथवर पोचले होते ते जवळपास उपचाराची दुसरी जागा नव्हती म्हणून. आणि त्या घरांवर देखरेख ठेवण्याचा कायदा अस्तित्वात असूनही त्याचा अंमल कोणी केला नव्हता. महाराष्ट्रात बारा वर्षांनी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर, २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत काढण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे आणि वैद्यकीय उपचारांपासून रोखणे त्याने गुन्हा ठरवले.

जगाच्या व्यासपीठावर

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर १९९१ रोजी मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या संरक्षणाची तत्त्वे मंजूर केली. सक्तीच्या उपचारांना त्यांनी मर्यादा घातल्या, पण सक्ती मान्यच केली होती. ज्यांना हे उपचार सोसावे लागले होते त्यांच्या संघटनांनी त्याला हरकत घेतली. आमच्याविषयीचे निर्णय आम्हाला वगळून घेऊ नका, ही अपंगांच्या चळवळीची मागणी त्यांनीही आपली मानली.

या मागणीचे फळ म्हणजे अपंग व्यक्तींच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार. तो १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारला गेला आणि ३ मे २००८ रोजी अंमलात आला. भारताने ३० मार्च २००७ रोजी सही केली आणि १ ऑक्टोबर २००७ रोजी त्याला मान्यता दिली. अपंगत्व शरीरात किंवा मनात एकट्याने वसत नाही; समाजाने उभ्या केलेल्या अडथळ्यांशी गाठ पडल्यावर ते घडते, ही या कराराची भूमिका आहे. त्याचा १२ वा अनुच्छेद सांगतो की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांइतकीच क्षमता आहे. निर्णय घेताना तिला मदत लागली तर ती द्यावी. १४ वा अनुच्छेद अपंगत्वाच्या कारणावरून स्वातंत्र्य हिरावून घेण्याला मनाई करतो आणि १९ वा समाजात, आपल्या पसंतीच्या जागी राहण्याचा हक्क देतो. कराराच्या समितीने २०१४ मध्ये आणखी स्पष्ट केले की व्यक्तीच्या जागी दुसऱ्याने निर्णय घेण्याच्या पद्धती रद्द झाल्या पाहिजेत.

त्याच सुमारास जागतिक मानसिक आरोग्याचा आणखी एक प्रवाह बळावत होता. त्याचा भर उपचारांच्या तुटवड्यावर होता, आणि त्यात गोव्याचा वाटा मोठा आहे. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे ‘संगात’ ही संस्था सुरू केली. थोडेसे प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेवर प्राथमिक आरोग्य केंद्रांत उपचार होऊ शकतात, हे त्यांच्या गोव्यातील चाचणीने २०१० मध्ये दाखवले आणि जगभर त्याचे अनुकरण झाले. पुण्यात भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये स्थापलेल्या ‘बापू ट्रस्ट’ने दुसरी बाजू मांडली. इस्पितळात कोंडलेल्या आईचे आयुष्य दावर यांनी लहानपणी जवळून पाहिले होते. उपचार सर्वत्र पोचवताना सक्तीही सर्वत्र पोचू नये, वस्तीतले आधार आणि स्नेह हेच मुख्य औषध मानावे, असा त्यांचा आग्रह होता. गोवा आणि पुणे येथून निघालेल्या या दोन भूमिकांत जागतिक धोरणातला मोठा वाद सामावलेला आहे. ज्या देशात बहुसंख्य रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत, तिथे दोन्हींची गरज आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे निरनिराळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांपासून दूर होते.

२०१६ आणि २०१७ चे कायदे

करार मान्य केल्यावर देशातले कायदे त्याच्याशी जुळवून घेणे भाग होते. अपंगांच्या १९९५ च्या कायद्यात मानसिक आजाराला अपंगत्व मानले होते, पण नोकरीतील राखीव जागांतून ते वगळले होते. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ ने ती त्रुटी दूर केली, अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि पालकत्वाला मर्यादा घातली.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या मसुद्याच्या कामात पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील केंद्राचा आणि डॉ. सौमित्र पाठारे यांचा महत्त्वाचा सहभाग होता. हा अधिनियम ७ एप्रिल २०१७ रोजी संमत होऊन २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याच्या तरतुदी १८५८ च्या कायद्याशेजारी ठेवून वाचाव्यात. तेव्हा पोलिसांनी भटक्या मनोरुग्णाला पकडून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचे होते; आता त्यांनी त्याला २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे आहे आणि कोठडीत ठेवायचे नाही. तेव्हा डॉक्टरचा दाखला आणि मॅजिस्ट्रेटची खात्री एवढे पुरत होते. आता राजकीय वा सामाजिक दर्जा, समाजाच्या नीतिकल्पनांशी न जुळणारे वर्तन किंवा पूर्वी घेतलेले उपचार यांवरून कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून माणूस कायद्याने भ्रमिष्ट ठरत नाही, हेही स्पष्ट लिहिलेले आहे. विवाह, करार आणि मतदान यांविषयीच्या जुन्या कायद्यांत ‘भ्रमिष्ट’ हा शब्द अजून आहे, त्यामुळे या वाक्याला वजन आहे.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीला आगाऊ निर्देश लिहून ठेवता येतो : आजार बळावल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. उपचारांचा निर्णय घेण्याची क्षमता आहे असे गृहीत धरूनच सुरुवात करायची असते. मर्जीविरुद्ध दाखल करायचे तर पहिली मर्यादा ३० दिवसांची आहे आणि त्याविरुद्ध पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागता येते. या मंडळांत न्यायाधीश आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्याबरोबर मानसिक आजाराचा स्वतः अनुभव घेतलेल्या, अशा रुग्णांची काळजी वाहणाऱ्या किंवा त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्थांतील व्यक्तींनाही जागा आहे. भूल न देता शॉक देणे, उपचार म्हणून नसबंदी करणे आणि साखळीने बांधणे यांना पूर्ण मनाई आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्यावर खटला भरायचा नाही. या बदलाची सुरुवात मुंबईतच झाली होती : १९८६ मध्ये स्किझोफ्रेनियाने आजारी असलेल्या एका पोलीस शिपायाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने दंडसंहितेचे ३०९ वे कलम घटनाबाह्य ठरवले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते कलम १९९६ मध्ये पुन्हा वैध मानले. मुंबईच्या निकालानंतर एकतीस वर्षांनी संसदेने त्यामागची माणुसकी कायद्यात उतरवली.

अधिनियमाचे १९ वे कलम मनोरुग्णालयांच्या इतिहासाला थेट उत्तर देते. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही. अशांसाठी समाजात राहण्याच्या सोयी उभारण्याची जबाबदारी सरकारची आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या समितीला हा कायदाही पुरेसा वाटला नाही. मर्जीविरुद्ध दाखल करण्याची वाट त्यात शिल्लक आहे, आणि अपंगत्वाच्या आधारे सक्तीने संस्थेत ठेवणाऱ्या तरतुदी काढून टाकण्याची सूचना समितीने २०१९ मध्ये भारताला केली. अनेक मनोविकारतज्ज्ञांना उलट वाटते की मंडळे आणि कागदपत्रे यांमुळे तीव्र आजारात उपचाराला उशीर होतो. दोन्ही बाजूंचा अनुभव खरा आहे, म्हणूनच तो वाद अजून मिटलेला नाही.

कायदा आणि घर

अधिनियम लागू झाला तरी अनेक राज्यांत पुनर्विलोकन मंडळे नेमायलाच वर्षे गेली. बरे झालेल्या रुग्णांचा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा न्यायालयात गेला. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या लक्षात आले की राज्यातील मनोरुग्णालयांतून बरे झालेल्यांना वृद्धाश्रमांत आणि भिक्षेकरी गृहांत हलवले जात आहे. न्यायालयाने ते थांबवायला सांगितले. डॉ. हरीश शेट्टी यांच्या जनहित याचिकेमुळे मुंबई उच्च न्यायालयाने वर्षानुवर्षे दाखल असलेल्या रुग्णांची माहिती मागवली आणि कायद्याच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी मिळून ५,६९५ खाटांची ही व्यवस्था आहे. तिच्यातील जुन्या रुग्णांपैकी अनेकांची अडचण वैद्यकीय नाही. घरच्यांनी दिलेला पत्ता खोटा असतो, भावांनी जमिनीची वाटणी करून घेतलेली असते, नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते.

ही अडचण सोडवण्याच्या वाटा संस्थांनी दाखवल्या आहेत. चेन्नईत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘द बनयन’ने बऱ्या झालेल्या स्त्रियांना चार-पाच जणींच्या गटाने वस्तीत साध्या घरात राहण्याची सोय केली. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांच्या ‘श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन’ने कर्जतच्या केंद्रातून रस्त्यावर सापडलेल्या हजारो मनोरुग्णांना उपचार देऊन देशाच्या कानाकोपऱ्यातील त्यांच्या घरी पोचवले; डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नाशिक जिल्ह्यात ‘आत्मीयता’ प्रकल्पाने गावातल्याच बायका-पुरुषांना शेजाऱ्यांचे दुःख ऐकून घेण्याचे आणि सरकारी योजनांचा लाभ मिळवून देण्याचे शिक्षण दिले.

ही सगळी कामे अजून संस्थांच्या बळावर आणि ठिकठिकाणी चालली आहेत. रुग्णाला विचारल्याशिवाय त्याच्याविषयी निर्णय घेऊ नये, हे तत्त्व भारताच्या कायद्यात आले आहे, आणि ते येण्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे लागली. त्याला घरी जायचे आहे असे त्याने सांगितल्यावर ते घर उभे करण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर टाकली आहे. जिल्ह्याजिल्ह्यांत निवासाच्या सोयी, भरलेली मंडळे, गावात मिळणारे औषध आणि नियमित निवृत्तिवेतन या चार गोष्टींसाठी अंदाजपत्रकात पैसा ठेवला जातो की नाही, यावर त्या हक्काचा अर्थ अवलंबून आहे.